आमच्या घरात नटी कुठली?

माझ्या काकूचं नाव आमच्या माणसांनी तांदळात पुरलं. हे मी रागाने म्हणते आहे आणि तो राग इतक्या वर्षांनीही गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घराण्याचं कौतुक ऐकायला कुणी बसलं असेल तर त्याने इथूनच उठावं.

रीत सगळ्यांच्या ओळखीची आहे. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, भटजींनी ते मोठ्याने वाचायचं, मग पेढे. माझ्या आईचं नाव असंच बदललं, आत्याचंही तिच्या सासरी बदललं, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आम्ही बेंगळुरातल्या मल्लेश्वरममधली जुनी मराठी माणसं. पूर्वज कधीतरी इकडे आले ते इकडचेच झाले. आमच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याचा पाहुणा आला तर आमचं बोलणं ऐकून गालात हसतो. भाषा अशी पातळ झाली म्हणूनच की काय, रीती मात्र आम्ही दातओठ खाऊन धरून ठेवल्या होत्या. काका बेल्जियमहून गोरी बायको घेऊन आले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली. कचेरीत सह्या करून केलेलं लग्न आम्ही धरत नाही, इथे साग्रसंगीत विधी व्हायला हवेत. काका एका पायावर तयार झाले. त्यांना वाटलं होतं, थोरला भाऊ दारातूनच परत पाठवील.

पन्नासच्या दशकाची सुरुवात होती ती. मी सहा-सात वर्षांची असेन. नऊवारीत गुंडाळलेली काकू ताटावर वाकून बघत होती ते मला आठवतं. तांदळातली अक्षरं तिला वाचता येत नव्हती. काकांनी कानात सांगितलं, तिने ते मोडकंतोडकं म्हणून दाखवलं, बायका कौतुकाने हसल्या. ते तांदूळ आईने दुसऱ्या दिवशी खिरीत घातले. त्या दिवसापासून तिच्या आधीच्या नावाचा उच्चार घरात कुणी केला नाही. कुणी मुद्दाम टाळलं असंही नाही. गरज पडली नाही, इतकंच. तिच्या माहेरची पत्रं यायची ती काकांच्या नावावर, आणि पासपोर्ट काकांच्या ट्रंकेत.

आता ते नाव काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते तिने स्वतः घेतलं होतं, आणि ते घेण्यासाठी काय काय केलं होतं ते मला गच्चीवर कळलं. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर संडिगे वाळायचे. तांदळाच्या पिठाच्या त्या कुरडया कावळ्यांपासून राखायचं काम आईने काकूला आणि मला लावून दिलं होतं. खाली दुपारची सामसूम आणि वर आम्ही दोघी काकूचा पदर डोक्यावर घेऊन, हातात काठी. दोन-तीन वर्षांत काकूला मराठी येऊ लागलं होतं, मधे मधे कन्नड ‘स्वल्प’, ‘सरी’ पेरलेलं, आईकडून उचललेलं. त्या मराठीत तिने मला आपलं आयुष्य सांगितलं.

तिचे वडील कोळशाच्या खाणीत. तिकडच्या त्या भागात फ्रेंच बोलतात. सोळाव्या वर्षी ती राजधानीत एका नाटक कंपनीत कपडे शिवायला लागली. शिवता शिवता दारापलीकडच्या तालमी कानावर पडायच्या, आणि सगळ्यांचीच भाषणं तिला पाठ झाली. एकदा एक नटी ऐन प्रयोगाच्या दिवशी तापाने आडवी झाली. मालकाने कपाळाला हात लावला, तर ही सुई टोचलेली बोटं पुसत पुढे आली आणि म्हणाली, मला येतं. संध्याकाळी जाहिरातीच्या फळ्यावर काय लिहायचं असं विचारल्यावर तिने तिथल्या तिथे एक नाव सांगितलं. खाणकामगाराच्या पोरीचं नाव तिला नको होतं. नवं नाव तिला पहिल्याच रात्री टाळ्यांसकट मिळालं.

मग मोलकरणीची कामं, मग मुलीची, मग नायिकेची. लढाईच्या काळात थिएटर इतकं गार असायचं की लोक ओव्हरकोट न काढता बसायचे आणि ही मात्र उघड्या खांद्यांनी उन्हाळ्याची दुपार वठवायची. मग सिनेमाचं बोलावणं आलं. पहिल्या सिनेमात हातात ट्रे घेऊन आत यायचं आणि बाहेर जायचं. दुसऱ्यात सुरुवातीलाच मरायचं. तिसऱ्यात पुरं काम मिळालं आणि ट्रामच्या थांब्यावर तिचा चेहरा लागला, आपल्या पुढच्या दाराएवढा, असं तिने हात पसरून मला दाखवलं. कावळ्याने तेवढ्यात एक संडिगे पळवला.

काका तिकडे यंत्रांचं शिक्षण घेत होते. गॅलरीत सगळ्यांत स्वस्त जागी बसून ते एकच नाटक पुन्हा पुन्हा बघायचे. फ्रेंच ते तिच्या तोंडूनच शिकले. हे ऐकून मला काकांचं फार कौतुक वाटायचं. तेव्हा. लग्न ठरवताना त्यांनी तिला सांगितलं की बेंगळूर मोठं शहर आहे, कँटोन्मेंटात साहेबलोकांची नाटकं होतात, तिथे तुला लोक डोक्यावर घेतील. आणि आम्हाला त्यांनी सांगितलं की ती तिकडे शाळेत शिकवायची. दोन्ही तोंडांनी बोलून काका मोकळे झाले आणि सरकारी कारखान्याच्या बसने रोज कामावर जाऊ लागले.

गच्चीवर काकू मला कामं करून दाखवायची. कुजबुजत. खाली आई झोपलेली असायची. राणी, वेडी, विधवा, पत्र वाचणारी प्रेयसी, सगळ्या आमच्या गच्चीवर दबक्या आवाजात येऊन गेल्या. मला एक अक्षर कळायचं नाही आणि तरी कावळे हाकायचं मी विसरून जायचे. “हे कुणाला सांगू नको,” ती म्हणायची. “तुझ्या काकांना त्रास होईल.” मी नाही सांगितलं.

कँटोन्मेंटातल्या नाटकांचं ती सुरुवातीला विचारायची. “अहो, जाऊ या का एकदा?” काका म्हणायचे, “बघू.” पुढच्या वर्षी बघू, अण्णांचा मूड बघून बघू, पोरं झाली की बघू. पोरं झाली नाहीत. आमच्या काकांच्या त्या ‘बघू’ने जेवढं वाटोळं केलं तेवढं कुणाच्या ‘नाही’ने केलं नसतं. नाहीशी निदान भांडता येतं.

गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाचं नाटक असायचं. एका वर्षी त्यात एक विनोदी मड्डम होती. ते काम कुणाला द्यावं? बँकेतल्या एका गृहस्थांना. मिशी काढून, गालाला पांढरं फासून, सुतळीचे केस लावून ते उभे राहिले. काकूकडे पडदे शिवायचं आणि रंगभूषेचं काम, कारण गोऱ्या बायकांना पावडर-लाली कळते असा मंडळाचा समज. त्या गृहस्थांनी तालमीत तिला विचारलं, “वहिनी, मड्डम चालते कशी हो?” तिने साडीचा घोळ सावरून चालून दाखवलं. पाठ ताठ, मान किंचित कललेली, जणू खोलीतला उजेड तिच्या मागोमाग येतोय. सगळे हातातलं काम टाकून बघत राहिले. मग ते गृहस्थ म्हणाले, “छे, हे खरं वाटत नाही,” आणि कंबर हलवत फेंगडे फेंगडे चालले. प्रयोगाला लोक हसून हसून लोळले. काकूही हसली, टाळ्याही वाजवल्या. मी तिच्या शेजारीच होते. मला त्या माणसाच्या सुतळीच्या केसांना काडी लावावीशी वाटली होती.

मग तो शुक्रवार आला. मी हायस्कुलात होते तेव्हा. पुरुषमाणसं कामावर, मी शाळेत, काकू आठव्या क्रॉस रस्त्यावरच्या बाजारात भाजी आणायला गेलेली. घरी आई एकटी. मद्रासकडचा एक माणूस हातात चिठ्ठी घेऊन दारात आला. परदेशातली सिनेमावाली मंडळी बेंगळुरात उतरली होती, त्यांचा तो इकडचा व्यवस्थापक. त्याने काकूचं जुनं नाव घेतलं आणि विचारलं, या बाई इथे राहतात का. पत्ता बरोबर होता. नाटक कंपनीतल्या एका जुन्या मैत्रिणीला काकू वर्षाकाठी पत्र पाठवायची, तिच्याकडून तो मिळाला होता.

आई म्हणाली, “आ हेसरिनवरु यारू इल्लप्पा इल्लि.” त्या नावाचं इथे कुणी नाही बाबा.

ती खोटं बोलली नाही. तिला ते नाव ठाऊकच नव्हतं. घरात दोन सवाष्णी, एक ती आणि एक तिची जाऊ, दोघींची नावं तांदळात लिहिलेली आणि दोन्ही अस्सल आपली. जाऊ गोरी आहे हे तिच्या केव्हाच ध्यानातून गेलं होतं. त्या माणसाने पुन्हा सांगून पाहिलं की त्या नटी आहेत, फार मोठ्या नटी होत्या. तेव्हा तर आईला हसूच फुटलं. आमच्या घरात नटी कुठली? घर चुकलं तुझं. उन्हातून आलास तर कॉफी घे, म्हणून तिने त्याला ओट्यावर बसवून कॉफी पाजली आणि गोरी माणसं कँटोन्मेंटात राहतात, तिकडे बघ, असा पत्ताही दिला. एवढं अगत्य दाखवून तिने काकूचं नशीब फाटकाबाहेर काढलं.

हे आम्हाला कळलं रविवारी. दुपारची पंगत बसली होती, काका, अण्णा, मी. काकू वाढत होती. आईला मधेच आठवण झाली आणि तिने तो किस्सा रंगवून सांगितला, नकलेसकट. नाव तिने आपल्या परीने वेडंवाकडं घेतलं. “म्हणे, मोठे साहेब म्हणतात, ते काम केलं तर त्याच बाई करतील, दुसरं कुणी नको. इथेच राहणाऱ्या एका गोऱ्या बाईचं काम आहे म्हणे सिनेमात. मी म्हटलं, अप्पा, आमच्याकडे नटी नाही, हवी तर संडिगे तळून देते!”

अण्णा हसले. काकूच्या हातातली पळी आमटीच्या भांड्यात राहिली. तिने काकांकडे बघितलं. मीही बघितलं. त्या खोलीत ते नाव ओळखणारी तीन माणसं होती आणि त्यातली दोन काकांकडे बघत होती. काकांना नुसतं एवढंच म्हणायचं होतं की वहिनी, ती हीच. ते मान खाली घालून म्हणाले, “थोडं ताक वाढ गं.”

तिने वाढलं. मग भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्या आईला शांतपणे म्हणाली, “अक्का, ते नाव माझं आहे.”

पुढचा तमाशा मी थोडक्यात उरकते. आई रडू लागली. मला कुणी सांगितलं होतं का, मला काय स्वप्न पडणार होतं का, असं म्हणत राहिली, आणि तिचं बरोबर होतं. अण्णा ताटावरून उठले. नाटकवालीला शिक्षिका म्हणून घरात आणलीस, माझ्या हातून विधी करवलेस, म्हणून ते धाकट्या भावावर तुटून पडले. भांडण रंगलं, पण ते सगळं आम्हाला फसवलं, आम्हाला फसवलं याचंच. तिला फसवलं, हे त्या घरात एकाच्याही तोंडून निघालं नाही. तोपर्यंत काकूने चपला घातल्या होत्या. मी उष्ट्या हाताने तशीच तिच्यामागे धावले.

बसमध्ये ती एकटीच पुटपुटत होती. आधी मला वाटलं प्रार्थना करतेय. मग कळलं, ती आपली भाषा तोंडात घोळवून बघत होती. इतक्या वर्षांत ती बोलायला कोण होतं? काका घरात मराठीच बोलायचे. मोठे साहेब कोण ते तिने मला वाटेत सांगितलं. नाटक कंपनीत हा मुलगा पडद्याआड बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगायचा, आता सिनेमे काढायला लागलाय. “मला त्याने कधी वाक्य सांगितलं नाही,” काकू म्हणाली. “मी विसरायचेच नाही.” ती हसत होती. इतकी हसरी मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती.

कँटोन्मेंटातल्या मोठ्या हॉटेलात आम्ही शिरलो तेव्हा माझ्या उजव्या हाताला आमटीचा वास येत होता. काउंटरवरच्या माणसाने काकूच्या कुंकवाकडे, मग डोळ्यांकडे बघितलं आणि इंग्रजीत सांगितलं की ती मंडळी सकाळी मद्रासला गेली. साहेब शुक्रवारी आणि शनिवारी कुणाची तरी वाट बघत होते. काल दुपारी शेवटी त्यांनी इथे चहाला येणाऱ्या एका बाईंना विचारलं. कॉफीच्या मळेवाल्याची बायको, फ्रेंच बोलणारी. तिला घेऊन एका बंगल्याच्या व्हरांड्यात संध्याकाळपर्यंत काम उरकलं.

“सरी,” काकू म्हणाली. ‘बरं’ या अर्थाने आमच्याकडे सगळे म्हणतात तसं. तो माणूस गोंधळला. तिने त्याचे आभार मानले, आम्ही बाहेर आलो आणि बसची वाट बघत उभ्या राहिलो. ती रडली नाही. मी रडले आणि तिने माझं नाक तिच्या पदराने पुसलं.

नंतर त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोललं नाही. अण्णांनी काही महिने तिच्या हातचं खाल्लं नाही, मग आई बाळंतपण करायला आत्याकडे गेली तेव्हा भूक जिंकली. आई तिच्याशी जरा जास्तच गोड वागू लागली. काकांनी तिला रेडिओ आणून दिला. रेडिओ! मला वाटतं त्या माणसाला खरोखर वाटलं असावं की यात फिटंफाट झाली.

मी कॉलेजात गेले आणि हट्टाने फ्रेंच घेतलं. साठचं दशक निम्मं सरलं असेल, तेव्हा आमच्या फिल्म सोसायटीच्या पत्रकात मला त्या दिग्दर्शकाचं नाव दिसलं. म्हैसूर राज्यात चित्रित, असंही खाली होतं. सांगावं की नाही यावर मी रात्रभर तळमळले आणि मग सांगितलं. काकू म्हणाली, “जाऊ.” तिने ठेवणीतली साडी नेसली, केस नेहमीच्या अंबाड्यात न बांधता वर चढवून बांधले. काका आरामखुर्चीत पेपर वाचत होते. कुठला सिनेमा म्हणून त्यांनी विचारलं नाही.

घडीच्या खुर्च्या मांडलेला साधा हॉल होता. मागे प्रोजेक्टर खरखरत होता. सिनेमा बराच लांब आणि कंटाळवाणा होता, हे मी द्वेषाने म्हणत नाही. बऱ्याच वेळाने तो व्हरांडा आला. कॉफीमळेवाल्याची बायको वेताच्या खुर्चीत बसली होती आणि एका प्रवाशाला चहा देत होती. “पावसात इथली दारं फुगतात,” ती म्हणाली, “उघडत नाहीत.” बाजाराची यादी वाचावी तसं म्हणाली. “तुम्ही परत कधी जाणार? मला नाही जावंसं वाटत. तिकडचं आता काही आठवत नाही.”

माझ्या शेजारी काकूने ते वाक्य पुन्हा म्हटलं. हळू, स्वतःशी. दारं फुगतात. मग एक क्षण थांबली, इतकी की मला वाटलं संपलं. उघडत नाहीत. पडद्यावरची बाई पुढे जात राहिली आणि काकू तिच्यामागून एकेक वाक्य घेत राहिली, आणि तिचा आवाज चढत गेला. कुजबुजीतला नव्हे, खरा, भरलेला आवाज. गच्चीवर इतकी वर्षं बसून मी तो कधी ऐकला नव्हता. ‘तिकडचं आता काही आठवत नाही’ हे तिने असं म्हटलं की सगळंच आठवतंय हे हॉलच्या शेवटच्या रांगेलाही कळावं. मला वाटलं, आता सगळे उठून उभे राहतील.

पुढच्या रांगेतल्या सूटवाल्या गृहस्थांनी वळून बघितलं. “मॅडम, प्लीज,” ते म्हणाले. “बाकीच्यांना ऐकू येत नाही.”

काकूने हात मांडीवर घेतले आणि उरलेला सिनेमा गप्प बसून बघितला.

घरी आलो तेव्हा काका ओट्यावर येऊन उभे होते. आम्ही कुठला सिनेमा बघून आलो ते त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. “कसा झाला?” त्यांनी विचारलं. आणि त्यांनी ते फ्रेंचमध्ये विचारलं. या घरात मी त्यांना ती भाषा बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

काकूने चपला काढल्या. उत्तर तिने मराठीत दिलं. “माझं काम चांगलं झालं. लोकांनी गप्प बसवलं,” ती म्हणाली, आणि आत जाऊन आईला विचारून भाजी चिरायला बसली.